होडीस यंत्र जोडणारा कारागीर : ओले एव्हिनरूड

कोकणांतील एखाद्या खाडीच्या कांठीं उभे राहिलांत, तर लहान होडीच्या पिछाडीस अडकविलेलें एक यंत्र कधीं ना कधीं तुमच्या दृष्टीस पडेल. त्याचें डोकें होडीच्या वर असतें आणि पाय पाण्यांत असतो. काम संपलें कीं लहानसें यंत्र सोडवून घरीं नेतां येतें, व बिघडलें तर पडवींत ठेवून उघडतांहि येतें. यास आउटबोर्ड यंत्र म्हणतात. तें सामान्य माणसाच्या हातीं देणाऱ्या कारागिराचें हें अल्प चरित्र आहे.

ओले एव्हिनरूड याचा जन्म ता. १९ एप्रिल १८७७ रोजीं नॉर्वे देशांत झाला. तो अगदीं लहान असतांनाच त्याचे आईबाप अमेरिकेस गेले आणि विस्कॉन्सिन संस्थानांत, केंब्रिज गांवाजवळ रिप्ले सरोवराच्या परिसरांत शेती करूं लागले. ओलेची शाळा लवकर सुटली. मुलानें शेत सांभाळावें अशी बापाची इच्छा. मुलाचें मन मात्र होड्यांत व यंत्रांत गुंतलेलें. त्यानें चोरून बांधलेली पहिली होडी बापानें मोडून टाकली, आणि मुलानें पुन्हां दुसरी बांधली, अशी आठवण सांगतात. अखेरीस बापानें ओळखलें कीं, या मुलाचें शेत निराळें आहे.

वयाच्या सोळाव्या वर्षीं ओले मॅडिसन शहरीं जाऊन शेतीच्या यंत्रांच्या कारखान्यांत उमेदवारी करूं लागला. दिवसां हातानें काम आणि रात्रीं गणित व यंत्रशास्त्र यांचीं पुस्तकें, असा त्याचा क्रम होता. पुढें पिट्सबर्ग येथील पोलादाच्या कारखान्यांत व इतरत्र अनुभव घेऊन तो मिलवॉकी शहरीं आला आणि ओतीव कामासाठीं लांकडी नमुने करूं लागला. धातूचा भाग ओतण्यापूर्वीं तो आधीं लांकडांत घडवावा लागतो, व लांकडांत घडविण्यापूर्वीं मनांत पाहावा लागतो. ही दृष्टि त्यास या धंद्यानें दिली.

त्यानें स्वतःचा धंदा काढला, तेव्हां हिशेब व पत्रव्यवहार ही त्याची दुबळी बाजू होती. ती बेस केरी नांवाच्या हुशार तरुणीनें सांभाळली. १९०६ सालीं त्यांचा विवाह झाला. त्याच काळांतील एक गोष्ट प्रसिद्ध आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत हीं दोघें मित्रमंडळींसह ओकॉची सरोवरावर सहलीस गेलीं होतीं. बेसला आइसक्रीम खाण्याची इच्छा झाली. ओले सुमारें अडीच मैल वल्हीं मारीत पैलतीरीं गेला व आइसक्रीम घेऊन परतला. पण तोंवर तें वितळून गेलें होतें! दमलेल्या हातांनीं परततांना त्याच्या मनांत आलें कीं, होडीस अडकवितां येईल असें लहानसें यंत्र कां नसावें?

होडीस बाहेरून यंत्र जोडण्याची कल्पना त्याच्यापूर्वींहि कांहीं जणांस सुचली होती. डेट्रॉइट येथील कॅमेरॉन वॉटरमन याचें यंत्र तर बाजारांतहि आलें होतें. परंतु ओलेनें सुटसुटीत व टिकाऊ रचना साधली. वर आडवें नळकांडें व त्यांत मागेंपुढें सरकणारा दट्ट्या. त्याच्या जोरानें फिरणारा उभा दांडा. दांड्याच्या तळाशीं दात्यांचीं चक्रें, आणि त्यांवर पाणी कापणारा पंखा. पहिला कच्चा नमुना पाहून बेसला तें कॉफी दळण्याचें जातें वाटलें. १९०९ सालीं तें यंत्र विक्रीस आलें. शक्ति दीड अश्वशक्ति, वजन ६२ पौंड व किंमत ६२ डॉलर. ओले यंत्र घडवी आणि बेस जाहिराती लिही, पत्रें पाठवी. नॉर्वेकडील कोळ्यांपर्यंत हीं यंत्रें पोहोंचलीं.

या यंत्राचा मोठा गुण असा कीं, त्यांत गूढ असें फार थोडें होतें. जुनें यंत्र सुरू होत नसेल, तर आजहि घरच्या दुरुस्तीचा आरंभ तीनच प्रश्नांनीं होतो : ठिणगी पडते काय? इंधन पोहोंचतें काय? नळकांड्यांत दाब राहतो काय? स्पार्क प्लग काळवंडला असेल तर साफ करावा किंवा बदलावा. यंत्र महिनोन्‌महिने पडून राहिलें असेल, तर पेट्रोलचा चिकट गाळ कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. तो धुऊन काढावा. पेट्रोलमध्यें तेल ठरल्या प्रमाणांतच मिसळावें, कारण आंतील भागांना वंगण त्यांतूनच मिळतें. खाऱ्या पाण्यांतून आणलेलें यंत्र गोड्या पाण्यानें धुवावें. पाणी खेचणारा रबरी पंखा ज्यांत आहे, तें यंत्र कोरडें चालवूं नये. आणि हें सारें वडील माणसांच्या देखरेखीखालीं, विस्तवापासून दूर करावें, हें सांगणें नकोच.

ओलेच्या भरभराटीच्या काळांत बेसची प्रकृति ढासळली. एकीकडे वाढता कारखाना व दुसरीकडे पत्नीचें आरोग्य, असा पेंच पडला. १९१४ च्या सुमारास त्यानें आपला हिस्सा भागीदारास विकला, पांच वर्षें या धंद्यांत न पडण्याचें वचन दिलें आणि पत्नीस घेऊन तो प्रवासास निघाला. स्वतःचें नांव असलेला कारखाना दुसऱ्याच्या स्वाधीन करणें कारागिरास सोपें नसतें. पण त्यानें तें केलें.

हात मात्र स्वस्थ बसले नाहींत. त्यानें दोन नळकांड्यांचें, बव्हंशीं ॲल्युमिनियमचें नवें यंत्र आंखलें. शक्ति तीन अश्वशक्ति आणि वजन अवघें ४८ पौंड! वचनाची मुदत संपल्यावर त्यानें तें प्रथम जुन्या भागीदारासच दाखविलें; त्यानें तें नाकारलें. तेव्हां पतिपत्नींनीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ केला. ‘एल्टो’ नांवाचें हें यंत्र इतकें यशस्वी झालें कीं, १९२९ सालीं तीन कंपन्या एकत्र झाल्या व मूळच्या एव्हिनरूड कंपनीसह साऱ्या उद्योगाचें अध्यक्षपद ओलेकडे आलें. १९३३ सालीं बेस वारली. पुढच्याच वर्षीं, ता. १२ जुलै १९३४ रोजीं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं ओलेनेंहि देह ठेवला. पुढें त्यांचा मुलगा राल्फ यानें धंदा चालविला.

कारखान्यांनाहि आयुष्य असतें. राल्फच्या काळीं मोठी झालेली कंपनी २००० सालीं दिवाळ्यांत निघाली. नव्या मालकांनीं एव्हिनरूड यंत्रें काढणें कांहीं वर्षें चालू ठेवलें, पण २०२० सालीं तेंहि थांबलें. तरीहि जुनीं यंत्रें चालतात, कारण कोणी तरी पडवींत बसून तीं उघडतो, पुसतो व पुन्हां जुळवितो. यंत्र करणारा गेला, कारखाना गेला. पण समजेल असें घडविलेलें यंत्र समजून घेणाऱ्याच्या हातीं जिवंत राहतें.

म्हणून पालकांनो, मुलानें घरांतील बंद पडलेलें घड्याळ उघडण्यास मागितलें, तर एकदम रागावूं नका. आणि मुलांनो, उघडलेली वस्तु पुन्हां जोडल्यावांचून उठूं नका. मोडलेल्या होडीनंतर दुसरी होडी बांधणाऱ्या त्या मुलाचें चरित्र आपणां दोघांसहि एवढें निश्चित शिकवितें.