पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीनं स्टेज सुटल्यावर शेवटची पाच वर्षं काय केलं?

पाचगणी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? स्ट्रॉबेरी, टेबल लँड, बोर्डिंग स्कूल आणि शाळेच्या सहलीत घोड्यावर बसून काढलेला एक फोटो.

याच पाचगणीत १९५० च्या दशकात एक पारशी पोरगा शिकायला आला होता. नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा. वडील बोमी तिथल्या ब्रिटिश सरकारच्या हायकोर्टात कॅशियर होते. घराणं मूळचं गुजरातच्या बुलसारचं, म्हणजे आजच्या वलसाडचं. आडनाव त्याच गावावरून आलेलं.

आठ वर्षांच्या पोराला आईवडिलांनी बोटीनं भारतात पाठवलं आणि सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमध्ये टाकलं. फारुखचा 'फ्रेडी' झाला तो इथंच.

शाळेत त्याला पियानोचं वेड लागलं. बाराव्या वर्षी त्यानं चार मित्रांसोबत बँड काढला, नाव ठेवलं 'द हेक्टिक्स'. गंमत म्हणजे या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. तो मागं पियानो बडवायचा आणि कोरसला साथ द्यायचा. त्यातला एक दोस्त पुढं इंग्लंडमध्ये अभिनेता झाला, दुसरा नेपाळच्या सैन्यात बडा अधिकारी झाला आणि पियानोवाला जगातल्या सगळ्यात मोठ्या रॉक बँडचा गायक झाला.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला आणि पुढच्याच वर्षी तिथं क्रांती झाली. जीव वाचवायला बलसारा कुटुंब चंबूगबाळं उचलून लंडनजवळच्या फेल्टहॅमला आलं. पोरानं ईलिंगच्या कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकलं, हिथ्रो विमानतळावर सामान उचललं, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकायचा स्टॉल टाकला. त्या स्टॉलवरचा त्याचा भागीदार होता ड्रमर रॉजर टेलर. रॉजर आणि गिटारिस्ट ब्रायन मे यांचा 'स्माइल' नावाचा बँड होता. १९७० मध्ये त्यांचा गायक सोडून गेला आणि फ्रेडी आत शिरला. त्यानं बँडचं नाव बदलून 'क्वीन' केलं, स्वतःचं आडनाव मर्क्युरी केलं, बँडचं बोधचिन्हसुद्धा स्वतःच काढलं. १९७१ मध्ये बेस वाजवायला जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली.

इथून पुढची गोष्ट सगळ्यांना साधारण माहीत आहे. पण क्वीनच्या गोष्टीत एक धागा आहे जो सहसा सुटतो. या बँडला स्टेजवर जाता आलं नाही, तेव्हा तेव्हा त्यांनी काहीतरी वेगळंच करून दाखवलंय.

पहिला प्रसंग १९७४ चा. अमेरिकेचा पहिला दौरा सुरू होता आणि ब्रायन मेला कावीळ झाली. दौरा अर्धवट टाकून सगळे घरी आले. त्यातून उठतोय तोवर त्याला आतड्याचा अल्सर झाला आणि पुढचा अमेरिका दौराही गेला. बाकीचे तिघं हातावर हात ठेवून बसले नाहीत. ते स्टुडिओत गेले आणि गिटारसाठी जागा मोकळ्या सोडून गाणी रेकॉर्ड करत राहिले. ब्रायननं बरा होऊन येऊन त्या जागा भरल्या. त्याच अल्बममधलं फ्रेडीचं 'किलर क्वीन' ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरवर गेलं आणि बँडचं नाव झालं.

दुसरा प्रसंग १९७५ चा. 'बोहेमियन रॅप्सडी' वर चढत होतं आणि बँड मात्र दौऱ्यावर निघणार होता. टीव्हीच्या कार्यक्रमात जाऊन गायला वेळ नव्हता. मग एल्स्ट्रीच्या स्टुडिओत जवळपास चार तासांत एक फिल्म शूट केली आणि आपल्याऐवजी ती टीव्हीवर पाठवून दिली. गाणं नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. म्युझिक व्हिडिओचा इतिहास सांगताना आज जी फिल्म हमखास दाखवतात, ती अशी वेळ मारून नेण्यासाठी केलेली होती.

पण खरी परीक्षा पुढं होती.

१३ जुलै १९८५ ला वेम्ब्लीवर 'लाइव्ह एड' झालं. वीसेक मिनिटांत फ्रेडीनं समोरच्या ७२ हजार लोकांना अक्षरशः बोटावर नाचवलं. पुढच्या वर्षी बँडनं युरोपभर 'मॅजिक टूर' केली. वेम्ब्ली दोनदा भरलं, तेव्हाच्या कम्युनिस्ट हंगेरीत बुडापेस्टचं स्टेडियम भरलं. ९ ऑगस्ट १९८६ ला इंग्लंडमधल्या नेबवर्थच्या मैदानात एक लाखाहून जास्त लोकांसमोर शेवटचा शो झाला.

तो शेवटचा आहे हे तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं.

२०१८ च्या सिनेमात फ्रेडी 'लाइव्ह एड'च्या आधीच बँडला आजाराबद्दल सांगताना दाखवलाय. प्रत्यक्षात तसं नव्हतं. त्याला एचआयव्ही असल्याचं निदान १९८७ च्या वसंतात झालं, असं त्याचा जोडीदार जिम हटन यानं नंतर लिहिलं. आज एचआयव्ही असलेला माणूस रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षं जगतो. पण आजाराला खरोखर रोखणारे औषधांचे एकत्रित उपचार यायला १९९६ उजाडलं. १९८७ मध्ये हे निदान म्हणजे मुदत ठरवून दिल्यासारखं होतं.

दौरे बंद झाले. बाहेर सांगताना कारण दिलं गेलं ते अल्बम आणि दौरा या चक्राचा कंटाळा आल्याचं.

आता विचार करा. हा माणूस जगायचाच स्टेजवर. अर्धा माइक स्टँड हातात घेऊन मैदानभर पळणं हीच त्याची ओळख. ते गेल्यावर उरलं काय?

त्यानं आधी ऑपेरा पकडला. १९८३ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये त्यानं स्पेनची गायिका मोन्सेरात काबाये हिला ऐकलं होतं. गेला होता पाव्हारोत्तीला ऐकायला, आणि परत आला तो हिच्या आवाजाच्या प्रेमात पडून. मार्च १९८७ मध्ये बार्सिलोनाच्या रिट्झ हॉटेलात दोघं भेटले. फ्रेडी जाम घाबरलेला होता. सोबत त्यानं एक टेप नेली होती, ज्यात बायकी आवाजात तिचीच नक्कल करून गायलं होतं. दुसरी कुणी असती तर चिडली असती. काबायेनं त्याच महिन्यात ती रचना लंडनच्या आपल्या कार्यक्रमात गाऊन टाकली.

त्यातून पूर्ण अल्बम ठरला. अडचण एकच, बाईंच्या तारखा कित्येक महिने आधीच भरलेल्या असायच्या. मग फ्रेडी आणि संगीतकार माइक मोरन गाणी तयार करायचे, काबायेच्या ओळीही फ्रेडीच वरच्या पट्टीत गाऊन ठेवायचा आणि टेप तिला पाठवून द्यायचा. तिला वेळ मिळाला की ती येऊन आपला भाग गायची. आज गायक मंडळी घरबसल्या एकमेकांना फाइल पाठवून गाणी करतात, त्याची ही जुनी आवृत्तीच म्हणायची.

८ ऑक्टोबर १९८८ ला बार्सिलोनात दोघांनी स्टेजवर हे गाणं सादर केलं, तेही रेकॉर्डवर ओठ हलवून. फ्रेडीचं स्टेजवरचं ते शेवटचं सादरीकरण ठरलं.

तोवर क्वीनही पुन्हा कामाला लागली होती. १९८९ च्या 'द मिरॅकल' अल्बममध्ये एक मोठा बदल झाला. तोवर ज्यानं गाणं लिहिलं त्याचं नाव आणि पैसे त्याचे, असा हिशोब असायचा. त्यावरून भांडणंही व्हायची. आता प्रत्येक गाण्यावर चौघांचं मिळून 'क्वीन' एवढंच नाव लागलं. मुखपृष्ठावर चौघांचे चेहरे एकमेकांत मिसळलेले होते. भांडायला वेळ नाही हे बहुतेक सगळ्यांना कळलं असावं.

दौरा नाही तर लोकांपर्यंत जायचं कसं? व्हिडिओतून. 'ब्रेकथ्रू' या गाण्यासाठी त्यांनी इंग्लंडच्या नेने व्हॅली रेल्वेवर वाफेच्या इंजिनाची अख्खी गाडी रंगवून घेतली आणि एका उघड्या डब्यावर उभं राहून चालत्या गाडीत गाणं शूट केलं. सुरुवातीला गाडी विटांची भिंत फोडून बाहेर येते. ती भिंत होती थर्माकोलची, आणि गाडी यायच्या आधी हवेच्या दाबानंच तिचे ठोकळे निखळायला लागले होते. व्हिडिओत फ्रेडी उड्या मारतोय, नाचतोय. आजारी माणूस म्हणून कुणी ओळखणार नाही. याच काळात त्यानं गालांवर दाढीही वाढवली होती.

या सगळ्याचं केंद्र होतं स्वित्झर्लंडमधलं माँट्रो. जिनिव्हा सरोवराच्या काठावरचं छोटं गाव. तिथल्या कॅसिनोतला 'माउंटन स्टुडिओ' क्वीननं १९७९ मध्येच विकत घेतला होता. पार्ट्यांच्या दिवसांत फ्रेडीला हे शांत गाव कंटाळवाणं वाटायचं. आता तीच शांतता त्याला हवी होती. लंडनच्या घराबाहेर फोटोग्राफर ठाण मांडून बसलेले असायचे, इथं कुणी विचारत नव्हतं. डोंगर, धुकं आणि निवांतपणा. पाचगणीत वाढलेल्या पोराला हे तसं नवीन नव्हतं, पण त्या दिवसांविषयी तो कधी फारसं बोलला नाही.

१८ फेब्रुवारी १९९० ला ब्रिट पुरस्कार घ्यायला चौघं स्टेजवर गेले. फ्रेडी खंगलेला दिसत होता. तो जेमतेम एक वाक्य बोलला आणि बाजूला झाला. लोकांसमोर येण्याची ती शेवटची वेळ.

आत मात्र 'इन्युएंडो' तयार होत होता. साडेसहा मिनिटांच्या शीर्षकगीतात मधेच स्पेनची फ्लेमेंको गिटार सुरू होते. 'येस' बँडचा स्टीव्ह हाऊ माँट्रोत आलेला होता, त्याला स्टुडिओत बसवून वाजवायला लावलं. दुसरं एक गाणं फ्रेडीच्या डिलायला नावाच्या मांजरीवर होतं आणि ब्रायननं त्यात गिटारमधून म्याऊ काढला. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस मांजरीवर गाणं करतोय, यातच फ्रेडी कळतो.

आणि 'द शो मस्ट गो ऑन'. हे गाणं मुख्यतः ब्रायननं लिहिलं. सूर इतके वरचे होते की या अवस्थेत फ्रेडीला ते झेपतील का, अशी त्याला शंका होती. तोवर फ्रेडीला धड चालताही येत नव्हतं, पायाची जखम बरी होत नव्हती. ब्रायननं पुढं अनेकदा सांगितल्याप्रमाणे, फ्रेडीनं व्होडकाचा घोट घेतला, माइकसमोर उभा राहिला आणि गाणं फाडून टाकलं.

१९९१ च्या फेब्रुवारीत आणि मेमध्ये आणखी दोन व्हिडिओ झाले. दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट, कारण रंगात आजार लपला नसता. पहिल्यात जाड मेकअप, विग आणि अंग भरलेलं दिसावं म्हणून सूटच्या आत कपड्यांचा जादा थर होता. सोबतीला पेंग्विन आणि गोरिलाचा पोशाख घातलेला माणूस. वेडेपणाच्या आड सगळं झाकून टाकलं. दुसऱ्यात, म्हणजे 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'मध्ये, त्यानं फारसं काही झाकलं नाही. जवळपास एका जागी उभा राहून तो गायला आणि शेवटी कॅमेऱ्यात बघून निरोप घेतला.

अल्बम बाजारात आला तरी तो थांबायला तयार नव्हता. मागं जेवढं ठेवता येईल तेवढं गाऊन ठेवायचं, बाकीचं तुम्ही नंतर पूर्ण करा, असं त्यानं सोबत्यांना सांगून टाकलं. ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी काही तास काम चालायचं. पूर्ण गाणी लिहायला वेळ नव्हता. ड्रम मशीनवर साधा ठेका लावायचा, ब्रायन कागदावर ओळी खरडून द्यायचा आणि फ्रेडी त्या लगेच माइकवर गायचा. एकेक ओळ तीनदा गायची आणि पुढच्या ओळीकडे वळायचं. सरोवराकडे बघत त्यानं 'अ विंटर्स टेल' लिहिलं, ते त्यानं एकट्यानं लिहिलेलं शेवटचं गाणं.

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं आपल्याला एड्स असल्याचं निवेदन प्रसिद्ध केलं. दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, लंडनच्या घरी तो गेला. वय फक्त ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणून केला. अस्थी कुठं आहेत हे त्याची जुनी मैत्रीण मेरी ऑस्टिननं जगाला सांगितलेलं नाही.

महिन्याभरातच 'बोहेमियन रॅप्सडी' आणि तो निरोपाचा व्हिडिओ असलेलं गाणं एकत्र निघालं आणि पुन्हा पहिल्या नंबरवर गेलं. त्याचे पैसे एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेले. एप्रिल १९९२ मध्ये उरलेल्या तिघांनी वेम्ब्लीवर त्याच्यासाठी कार्यक्रम केला आणि त्यातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला.

राहिल्या त्या माँट्रोच्या टेप. त्या ऐकायलाच तिघांना बराच काळ धीर झाला नाही. पुढं त्यांनी काही जुनी रेकॉर्डिंग जोडून, वाद्यं नव्यानं वाजवून ६ नोव्हेंबर १९९५ ला 'मेड इन हेवन' अल्बम काढला.

त्यात 'मदर लव्ह' नावाचं एक गाणं आहे. मे १९९१ मध्ये फ्रेडी ते गात होता. एका ठिकाणी त्यानं ठरवलं की सूर इथून आणखी वर जायला हवा आणि उभं राहवत नसतानाही तो वर नेला. शेवटच्या कडव्याआधी तो थकला. जरा विश्रांती घेतो, नंतर येऊन पूर्ण करतो, असं सांगून गेला.

अल्बममध्ये ते शेवटचं कडवं ब्रायन मेच्या आवाजात आहे.