लोकमान्य टिळकांचा शेवटचा आजार: तातडीने दाखल व्हावे लागण्याचा धोका आधी ओळखता येतो का?

शिर्डीहून येवल्याला जायचे तर कोपरगाव ओलांडूनच जावे लागते. मे १९१७ मध्ये लोकमान्य टिळक सहकाऱ्यांसह दौऱ्यावर असताना संगमनेरहून शिर्डीला आले आणि तिथून पुढे येवल्याला गेले. शिर्डी तेव्हा कोपरगाव तालुक्यातच होती. टिळकांनी साठी ओलांडली होती, मधुमेह जुना होता आणि भर उन्हाळ्यात प्रवास चालू होता. त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी, एका तापाच्या आजारात अवघ्या काही दिवसांत ते गेले.

तुमच्या घरातही असे कोणी असेल. वय साठच्या पुढे, साखर दहा-पंधरा वर्षांपासून, पण कामाला खंड नाही आणि तब्येतीची तक्रारही नाही. मग एके रात्री धाप लागते आणि गाडी काढून नाशिक किंवा नगर गाठावे लागते. ही रात्र आधी ओळखता आली असती का? टिळकांचे आयुष्य एका डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर बरेचसे समजते.

कमावलेले शरीर

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. लहानपणी प्रकृती नाजूक होती. आई लवकर गेली आणि सोळाव्या वर्षी वडीलही गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून व्यायामाला दिले. तालीम, पोहणे आणि चांगला आहार यांनी शरीर काटक झाले. पुढे शाळा, कॉलेज, केसरी आणि मराठा ही वृत्तपत्रे, कोर्टकचेऱ्या आणि राजकारण हे सारे त्यांनी याच शरीराच्या बळावर पेलले.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. तरुणपणी कमावलेली ताकद पुढे खरोखर उपयोगी पडते, पण ती जन्मभराची हमी नसते. पूर्वी रोज शंभर जोर काढायचो, मला काय होणार, असे म्हणणारे रुग्ण आम्ही दवाखान्यात नेहमी पाहतो. धोका मोजताना आम्ही आजचे वय, आजचे आजार आणि गेल्या वर्षभरातल्या घटना पाहतो.

तुरुंग आणि मधुमेह

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. अनेक पुढारी शहर सोडून गेले, टिळक थांबले आणि रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. वर्षभराने सुटले तेव्हा वजन बरेच घटले होते आणि प्रकृती सावरायला ते सिंहगडावर जाऊन राहिले. १९०३ मध्ये थोरला मुलगा प्लेगने गेला.

१९०८ मध्ये पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेच्या तुरुंगात गेले तेव्हा वय बावन्न होते आणि मधुमेह जडलेला होता. या आजारावर त्या काळी नेमके औषध नव्हते. इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात लागला आणि पहिल्या रुग्णाला ते जानेवारी १९२२ मध्ये टोचले गेले. तोवर उपाय एकच, खाण्यावर बंधन. टिळकांनी तुरुंगात ते पाळले आणि तिथेच गीतारहस्य लिहिले. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ती बातमी त्यांना तुरुंगातच कळली. जून १९१४ मध्ये ते सुटून पुण्याला परतले.

सुटकेनंतरची सहा वर्षे

या सहा वर्षांत विश्रांती जवळजवळ नव्हतीच. १९१६ मध्ये होमरूल लीग, मग गावोगाव सभा. १९१८ मध्ये चिरोल खटल्यासाठी ते विलायतेला गेले आणि १९१९ च्या अखेरीस परतले. लगेच अमृतसरची काँग्रेस आणि मग पुन्हा दौरे.

जुलै १९२० मध्ये ताई महाराज खटल्याच्या कामासाठी ते मुंबईला आले आणि सरदारगृहात उतरले. खटल्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच सुमारास मोटारीतून फेरफटका मारून आल्यावर त्यांना थंडी-ताप आला. आधी साधा वाटलेला ताप उतरेना. २३ जुलैला चौसष्ट वर्षे पूर्ण झाली. पुढे न्यूमोनियाने छाती धरली आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मध्यरात्रीनंतर त्यांची प्राणज्योत मालवली. मुंबईतले नामवंत डॉक्टर उशाशी होते. पण न्यूमोनियावर प्रतिजैविक नव्हते आणि मधुमेहावर इन्सुलिन नव्हते.

आजच्या डॉक्टरला यात काय दिसते?

शंभर वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान आज नव्याने करणे योग्य नाही. पण धोक्याच्या खुणा मात्र स्पष्ट दिसतात: साठीपुढचे वय, अनेक वर्षांचा मधुमेह, पूर्वी प्रकृती ढासळल्याचा इतिहास, सततचा प्रवास आणि अपुरी विश्रांती. यातली एकेक खूण किरकोळ वाटते. त्या एकाच माणसात एकत्र आल्या की साधा तापही साधा राहत नाही. मधुमेहात जंतुसंसर्गाशी लढण्याची शक्ती कमी होते आणि संसर्ग झाला की साखर आणखी वाढते. हे दुष्टचक्र काही दिवसांतच रुग्णाला अत्यवस्थ करू शकते.

याच विचारावर आज गणिती मापे तयार झाली आहेत. इंग्लंडमध्ये क्यू-अ‍ॅडमिशन्स नावाचे माप आहे. त्यात वय, धूम्रपान, आजार, चालू औषधे, रक्ततपासण्या आणि आधीचे दाखल होणे यांवरून पुढच्या एक ते दोन वर्षांत तातडीने दाखल व्हावे लागण्याची शक्यता काढतात. कॅनडात तयार झालेले लेस हे माप घरी सोडताना वापरतात. त्यात चार गोष्टी पाहतात: किती दिवस दाखल होता, तातडीने दाखल झाला होता का, इतर आजार किती आणि गेल्या सहा महिन्यांत तातडीच्या विभागात किती वेळा यावे लागले. एकूण १९ पैकी १० किंवा जास्त गुण आले, तर तीस दिवसांत पुन्हा दाखल व्हावे लागण्याचा किंवा मृत्यूचा धोका जास्त मानतात.

आपल्याकडे आशाताई घरी येऊन तीस वर्षांवरील व्यक्तींचा सीबॅक फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घराण्यातले आजार यांना गुण दिलेले असतात. चारपेक्षा जास्त गुण आले की तपासणीला आधी बोलावतात. हा फॉर्म दाखल होण्याचा अंदाज सांगत नाही, पण मधुमेह आणि रक्तदाब वेळेत सापडायला मदत करतो. म्हणून आशाताई आल्या की खरी उत्तरे द्या. तंबाखू लपवू नका.

अंदाज म्हणजे भविष्य नव्हे

समजा एखाद्या मापाने तुमच्या वडिलांचा धोका २० टक्के सांगितला. याचा अर्थ त्यांच्यासारख्या शंभर जणांपैकी सुमारे वीस जणांना दाखल व्हावे लागेल आणि ऐंशी जणांना नाही. त्या वीस जणांत वडील असतील की नाही, हे कोणतेही माप सांगू शकत नाही.

दुसरी मर्यादा आणखी महत्त्वाची आहे. वेल्समध्ये ३२ दवाखान्यांत असे माप वापरून पाहिले, तेव्हा तातडीने दाखल होण्याचे प्रमाण कमी न होता किंचित वाढले. धोका कळला, पण पुढे नेमके काय करायचे याची सोय नसेल तर आकड्याचा उपयोग होत नाही. शिवाय परदेशातली मापे तिथल्या लोकांच्या नोंदींवर बेतलेली असतात. आपल्याकडे रुग्णाचे कागद तीन दवाखान्यांत विखुरलेले असतात. त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लागू करता येत नाही.

तुम्ही घरी काय कराल?

माप नसले तरी खुणा ओळखता येतात. पुढीलपैकी दोन-तीन गोष्टी एकाच व्यक्तीत असतील, तर तब्येत चांगली असतानाच डॉक्टरांशी बोलून घ्या:

- गेल्या वर्षभरात तातडीने दाखल व्हावे लागले होते (ही सर्वांत ठळक खूण)
- वय ६५ च्या पुढे आणि घरात एकटे राहणे
- मधुमेहासोबत हृदय, मूत्रपिंड किंवा फुप्फुसाचा आजार
- रोज पाच किंवा जास्त औषधे
- काही महिन्यांत कारण नसताना घटलेले वजन, किंवा वारंवार पडणे

त्यानंतर या गोष्टी करा:

- सर्व कागद, औषधांची यादी आणि शेवटचे रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा.
- फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा.
- तापाच्या दिवसांत साखर जास्त वेळा तपासा. जेवण कमी झाले म्हणून इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका. उलट्या-जुलाब होत असतील तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हे आधीच विचारून ठेवा.
- रात्री गाडी कोणाची आणि जायचे कुठे, हे ठरवून ठेवा.

थांबू नका, लगेच निघा

श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त, ऑक्सिजन ९० च्या खाली, असंबद्ध बोलणे, ओठ निळसर पडणे, छातीत दुखणे किंवा लघवी खूप कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करा. वयस्कर मधुमेही रुग्णाला न्यूमोनियात फार ताप येईलच असे नाही. कधी कधी केवळ गुंगी आणि अन्नावरची वासना जाणे, एवढेच दिसते. मधुमेही वडिलधाऱ्यांचा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

टिळकांच्या डॉक्टरांकडे धोका ओळखण्याची नजर होती, पण हातात औषध नव्हते. आज इन्सुलिन, प्रतिजैविके आणि लस तालुक्याच्या गावातही मिळते. कमी पडतो तो वेळ, आणि तो वाचवणे घरच्यांच्या हातात असते.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषधात कोणताही बदल तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)