पीएचडीचा निधी मध्येच संपला तर? डॉ. आंबेडकरांच्या लंडनमधील पदवीचा हिशोब

न्हावा शेवा : युरोपातून शिकून परतणारा विद्यार्थी पुस्तकांची खोकी जहाजाने पाठवतो, तेव्हा ती बहुतेक वेळा न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात उतरतात. हे बंदर १९८९मध्ये सुरू झाले. त्याआधी असे सामान खाडीपलीकडे मुंबईच्या गोदीत येई. १९१७च्या उन्हाळ्यात लंडनहून निघालेली अशीच काही खोकी मात्र मुंबईला पोहोचलीच नाहीत. पहिले महायुद्ध सुरू होते आणि सामानाचे जहाज टॉर्पेडोने बुडाले. खोक्यांचा मालक वेगळ्या बोटीत होता, म्हणून वाचला. थॉमस कुक कंपनीकडून त्याला ६०० रुपये भरपाई मिळाली. या प्रवाशाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर, वय २६. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून ते परतत होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची यादी बहुतेकांना पाठ असते. त्या पदव्यांचे पैसे कुठून आले, कधी आटले आणि मधली वर्षे कशी गेली, हे फारसे सांगितले जात नाही. युरोपातील ‘फुली फंडेड’ पीएचडीच्या जाहिराती मोबाइलवर चाळणाऱ्यांनी हा हिशोब पाहायला हवा.

बडोद्याच्या करारात काय होते?

आंबेडकर १९१२मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. वडील रामजी सुभेदार यांची पेन्शन कॉलेजच्या खर्चाला पुरण्यासारखी नव्हती. तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची मदत सुरू झाली. पदवीनंतर जानेवारी १९१३मध्ये ते बडोदा संस्थानात नोकरीला गेले. काही दिवसांतच, २ फेब्रुवारीला, वडील वारले.

त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवायचे ठरवले. ४ जून १९१३ रोजी आंबेडकरांनी करारावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण संपल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरीचे बंधन. त्या काळी एका पौंडाला १५ रुपये पडत. म्हणजे महिन्याचे साधारण १७२ रुपये झाले. यातून राहणे, खाणे आणि पुस्तके भागवायची होती आणि मुंबईत पत्नी रमाबाई व कुटुंबाला पैसेही पाठवायचे होते.

आजच्या भाषेत हे ‘फुल फंडिंग’च होते, फक्त त्याला शेवटची तारीख होती. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले. समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान वेगळेच, शिवाय थोडे फ्रेंच आणि जर्मन. १९१५मध्ये एम.ए. झाले. मे १९१६मध्ये त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला आणि जूनमध्ये पीएचडीचा प्रबंध सादर केला. घड्याळ लावून काम केल्यासारखी ही गती आहे, आणि घड्याळ खरोखरच लागलेले होते. शिष्यवृत्ती त्याच जून महिन्यात संपत होती.

लंडनमध्ये पहिल्यांदा काय झाले?

प्रा. एडविन सेलिग्मन यांची शिफारसपत्रे घेऊन आंबेडकर १९१६मध्ये लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये म्हणजे एलएसईमध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवीसाठी नाव नोंदवले, फी १० पौंड १० शिलिंग. त्याच वर्षी बॅरिस्टर होण्यासाठी ‘ग्रेज इन’मध्येही प्रवेश घेतला. बडोद्याकडून मुदत थोडी वाढवून मिळाली होती, पण ती पुरणारी नव्हती. १९१७मध्ये परत बोलावणे आले.

येथे एक तांत्रिक वाटणारी गोष्ट फार महत्त्वाची ठरली. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांपर्यंत अभ्यास थांबवून ठेवण्याची परवानगी दिली. या काळात परत आलात तर पुढे चालू, नाहीतर नाव कमी. पीएचडीच्या ऑफर लेटरमध्ये आजही असे कलम असते आणि बहुतेक जण ते वाचत नाहीत.

२१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईत उतरले. आता करार पाळायचा होता. सप्टेंबरमध्ये बडोद्याला गेले, तर कोलंबियात शिकून आलेल्या अधिकाऱ्याला शहरात खोली मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी सरायीत उतरले. जात कळल्यावर काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. काही दिवसांतच ते मुंबईला परतले.

ज्या संस्थानाने अमेरिकेचा खर्च केला, त्याच संस्थानाच्या राजधानीत त्यांना राहायला जागा मिळाली नाही. तरी नोकरीचा करार मोडला तो आंबेडकरांनीच, असे कागदावर दिसत होते. शिष्यवृत्तीची रक्कम परत करण्याचा तगादा पुढे त्यांच्यामागे लागला.

परत जाण्यासाठी पैसे कसे उभे केले?

चार वर्षांची मुदत चालू झाली होती. आंबेडकरांनी शिकवण्या केल्या आणि शेअर-व्यवहाराचा सल्ला देण्याचा धंदाही करून पाहिला. सल्लागाराची जात समजली आणि गिऱ्हाईक तुटले. नोव्हेंबर १९१८मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून हंगामी नोकरी मिळाली, पगार ४५० रुपये. हा पगार चांगलाच होता, पण घर परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. रमाबाईंनी ठरावीक रकमेत संसार रेटला आणि उरलेला पैसा लंडनसाठी बाजूला पडत गेला. या पदवीच्या हिशोबात रमाबाईंच्या वाट्याची रक्कम कुठे लिहिलेली नाही. ती फार मोठी आहे.

मार्च १९२०मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ‘मूकनायक’ सुरू झाला होता आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज पाठीशी उभे राहिले होते. लंडनसाठीही महाराजांची मदत झाली. कोलंबियापासूनचे मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. दुसऱ्या फेरीचा निधी असा जमला : स्वतःची बचत, एका राजाची मदत आणि एका मित्राचे कर्ज. या वेळी संस्थानाची शिष्यवृत्ती नव्हती.

रुपया घसरला आणि विषयही तोच

सप्टेंबर १९२०मध्ये ते पुन्हा एलएसईत आले. थेट डॉक्टरेटला बसू द्या, ही विनंती मान्य झाली नाही. आधी मास्टर्स पूर्ण करा, असे सांगण्यात आले. फी एका गिनीने वाढून ११ पौंड ११ शिलिंग झाली होती.

फीपेक्षा मोठा फटका विनिमय दराचा होता. १९२०च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत होते. १९२१मध्ये तोच रुपया १ शिलिंग ४ पेन्सपर्यंत आणि त्याखाली घसरला. साधा गुणाकार करू. दोन शिलिंगांच्या दराने पाच हजार रुपयांचे ५०० पौंड होतात, १ शिलिंग ४ पेन्सच्या दराने ३३३. रुपयांत जमवून पौंडांत खर्च करणाऱ्या प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याचे तिसरा हिस्सा पैसे वर्षभरात असे हवेत विरले. आंबेडकरांच्या डी.एस्सी.च्या प्रबंधाचे नाव ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ आहे, हे इथे आठवते. विषय त्यांनी स्वतःच्या खिशावरून निवडला असे म्हणता येणार नाही, पण खिशाने त्यांना त्या विषयाचे प्रात्यक्षिक नक्की दिले.

राहणे काटकसरीचे होते. १९२१मध्ये ते प्रिमरोझ हिल भागातील १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहायला गेले. हेच घर २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतले आणि तिथे आता स्मारक आहे. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा घेऊन बाहेर पडायचे, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचायचे, रात्री भूक लागली तर मुंबईहून आलेले पापड भाजायचे, असे त्या दिवसांचे वर्णन चरित्रकारांनी केले आहे. जून १९२१मध्ये एम.एस्सी. मिळाली. १९२२मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव घातले, पण तो अभ्यास पुढे गेला नाही.

प्रबंध परत आला तेव्हा...

डी.एस्सी.चा प्रबंध मार्च १९२३मध्ये स्वीकारला गेला नाही. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. प्रबंध ब्रिटिशविरोधी वाटल्याने परत आला, असे सर्रास सांगितले जाते, पण एलएसईतील त्यांच्या विद्यार्थी-फाइलमध्ये तसा उल्लेख नाही. ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणावर प्रबंधात कडक टीका आहे आणि जॉन मेनार्ड केन्स यांच्या मताचा प्रतिवादही आहे, एवढे खरे.

प्रश्न पुन्हा पैशाचाच होता. लंडनमध्ये थांबून दुरुस्ती करणे परवडणारे नव्हते. एप्रिल १९२३मध्ये ते मुंबईला परतले, इथेच प्रबंध सुधारला आणि टपालाने लंडनला पाठवला. ऑगस्टमध्ये तो पुन्हा सादर झाला, नोव्हेंबरमध्ये मान्य झाला. वर्षअखेर तो पुस्तकरूपाने आला. प्रस्तावना त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी लिहिली आणि तीत आपले मतभेदही नोंदवले. शिष्याचे प्रत्येक मत न पटताही त्याच्यामागे उभे राहणारा गाइड मिळणे, हेही एक फंडिंगच म्हणायचे. या प्रबंधातूनच रिझर्व्ह बँक जन्मली, असे व्हॉट्सॲपवर फिरते. ते ताणलेले आहे. आंबेडकरांनी डिसेंबर १९२५मध्ये भारतीय चलनाच्या शाही आयोगापुढे साक्ष दिली आणि त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, एवढी साखळी पक्की आहे.

कोलंबियाची पीएचडी तर आणखी रखडली. तिथे प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. तो ग्रंथ लंडनच्या प्रकाशकाने १९२५मध्ये काढला आणि पदवी १९२७मध्ये हाती आली, न्यूयॉर्क सोडल्यावर ११ वर्षांनी. ग्रंथ सयाजीराव गायकवाडांना अर्पण केलेला आहे.

आज ‘फुली फंडेड’ म्हणजे काय?

नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे या देशांत पीएचडी करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. फी नसते, करार तीन ते चार वर्षांचा असतो. नेदरलँड्समध्ये पहिल्या वर्षानंतर मूल्यमापन होते आणि मगच पुढचा करार पक्का होतो. जर्मनीत पगार सरकारी श्रेणीनुसार असतो, पण अनेक जाहिरातींत पद पूर्णवेळ नसते. तेव्हा ६५ टक्के, ७५ टक्के हे आकडे नीट पाहावेत, पगार त्या प्रमाणातच मिळतो. युरोपीय संघाच्या मेरी क्युरी योजनेत अट वेगळी आहे : ज्या देशात संशोधन करायचे, तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे. मास्टर्स त्याच देशात केलेले अनेक जण इथे बाद होतात.

संशोधन लांबले तर पगार आपोआप लांबत नाही. प्रबंध दुरुस्तीला परत आला, तर त्या महिन्यांचा खर्च कोण देणार, हे सही करण्याआधी गाइडला विचारायचा प्रश्न आहे.

सरकारी वाट कुठून सुरू झाली?

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४२मध्ये, डॉ. आंबेडकरांनी अनुसूचित जातींच्या तक्रारींचे एक सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यात या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण घेता यावे आणि परदेशी जाता यावे, यासाठी वार्षिक तरतूद मागितली होती. सरकारने तीन लाख रुपये मंजूर केले. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५मध्ये केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाची अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची परदेशी शिष्यवृत्ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. दोन्हींत फी, निर्वाह भत्ता आणि विमानभाडे मिळते. उत्पन्न, वय आणि विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान यांच्या अटी असतात आणि त्या बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण मानावी.

केंद्राच्या योजनेत २०२२मध्ये आणखी एक अट आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताशी संबंधित सामाजिक अभ्यासाचे विषय परदेशी संशोधनासाठी वगळण्यात आले. असे संशोधन भारतातच चांगले होईल, अशी सरकारची भूमिका होती. विद्यार्थी संघटनांनी तेव्हा विरोध केला. अर्ज भरणाऱ्याने संशोधनाचा विषय लिहिण्यापूर्वी त्या वर्षीच्या नियमावलीतील हे कलम वाचावे. आंबेडकरांनी कोलंबिया आणि लंडनमध्ये लिहिलेले विषय होते भारतातील जाती, प्राचीन भारतातील व्यापार, ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्था आणि रुपया.