रुडॉल्फ डिझेल : साडेचार टनांचं इंजिन



आपल्या धाराशिव जिल्ह्यात कांदा, सोयाबीन भरून बाजाराला जाणाऱ्या पिकअप मुलं रोज बघतात. पिकअपला ट्रकचं मोठं डिझेल इंजिन बसवलं तर ती किती पळेल, असं वरच्या वर्गातलं एखादं पोरगं हमखास विचारतं. उत्तरासाठी आधी डिझेल हे ज्यांचं आडनाव, त्यांची ओळख करून द्यावी.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. 1870 मध्ये फ्रान्स आणि जर्मनीत युद्ध पेटलं, तेव्हा कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी नातेवाइकांकडे जर्मनीत, ऑग्सबर्गला पाठवलं. पुढे म्युनिकला शिकताना कळलं की वाफेचं इंजिन बहुतेक उष्णता वायाच घालवतं. ते काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

हवा जोरात दाबली की तापते. (सायकलमध्ये हवा भरून झाली की मुलांना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावायला सांगा, लगेच पटेल.) हवा इतकी दाबायची की ठिणगीशिवाय इंधन पेटावं, ही डिझेल यांची कल्पना. 1893 मध्ये पेटंट मिळालं, पण इंजिन नीट चालायला 1897 उजाडलं. ताकद सुमारे 20 अश्वशक्ती आणि वजन तब्बल साडेचार टन! म्हणजे एका अश्वशक्तीमागे 225 किलो. हा भागाकार मुलांकडून फळ्यावर करून घ्या. एवढा दाब सोसायला जाडजूड बीड लागायचं. शिवाय इंधन आत फवारायला दाबलेली हवा लागे, तिचा कॉम्प्रेसर वेगळा.

छोट्या कारागिराला परवडेल असं इंजिन द्यायचं त्यांचं स्वप्न होतं. प्रत्यक्षात ते कारखान्यांत आणि जहाजांवर गेलं. रस्त्यावरच्या गाडीसाठी ते हलकं करणं त्यांच्या हयातीत जमलं नाही. पैशाच्या व्यवहारातही ते बुडाले. 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. नेमकं काय घडलं ते आजही नक्की नाही. लहान वर्गात हा भाग थोडक्यातच सांगावा.

डिझेल इंजिनाचे ट्रक आले ते त्यांच्यानंतर दहा वर्षांनी. 1927 पासून बॉशचा इंधनपंप मिळू लागला, जड कॉम्प्रेसरची गरज संपली आणि 1936 मध्ये मर्सिडीजची डिझेल कार आली. आपल्याकडे 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. विहिरीवरचं ते इंजिन आजोबांना विचारा, हलवायला किती माणसं लागायची!

आता त्या पोराचं उत्तर. इंजिन आजही दाब सोसण्यासाठीच जड असतं. ट्रकचं इंजिन पिकअपला बसवलं तर पुढचे कमानपाटे बसतात, गिअरबॉक्स आणि ॲक्सलला तो जोर झेपत नाही आणि ब्रेक तर जुन्याच वजनाच्या हिशेबाचे. गाडी पळेल, पण उतारावर थांबायची पंचाईत. त्याच पिकअपच्या मागे कधी माणसं, कधी आपलीच लेकरं बसलेली असतात. आरटीओच्या परवानगीशिवाय इंजिन बदलणं बेकायदा आहे आणि बदललंच तर आरसी बुकात नोंद लागते, एवढं पालकांनीही ध्यानात ठेवावं.