निवडुंगाच्या माळावरचा संसार

लक्ष्मणराव किर्लोस्कर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोखंडी नांगर येतो. शाळेच्या पुस्तकांनी ती सवय लावली आहे. मला मात्र त्या नांगरापेक्षा नांगरासाठी वसलेल्या गावाचे अधिक नवल वाटते. माळ विकत घ्यावा, त्याचे तुकडे पाडावेत, चार पैसे जास्त घेऊन विकावेत आणि पुढच्या माळाकडे वळावे, हा जमिनीचा धंदा आपण आज प्रत्येक तालुक्याच्या गावी पाहतो. लक्ष्मणरावांनीही माळ घेतला, पण तो विकण्यासाठी नव्हे. बायकामुले, भाऊ आणि कामगारांची बिऱ्हाडे घेऊन ते तेथे राहायला गेले. कुटुंबवत्सल हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. येथे तो शोभतो.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. आपल्या कलाशाखेच्या मंडळींना हे गाव परके वाटू नये, कारण संगीत नाटकाचे आद्य पुरुष अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचा ओढाही प्रथम कलेकडेच होता. वडिलांना चित्रकलेचा नाद पसंत नव्हता. तेव्हा थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे ध्यानात आले की काही रंग त्यांना नीट ओळखताच येत नाहीत! चित्रकाराच्या आयुष्यात याहून क्रूर गोष्ट कोणती? रंग सोडून त्यांनी रेषा धरली, यंत्रांची रेखाचित्रे काढण्याची विद्या शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तीच शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरीवर पाणी सोडले आणि बेळगावची वाट धरली.

बेळगावात रामुअण्णा होतेच. किर्लोस्कर बंधू हे नाव १८८८ पासूनचे आणि त्यातला बंधू हा शब्द नुसता पाटीपुरता नव्हता. लक्ष्मणराव मुंबईत असताना सायकली पाठवीत आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकून लोकांना चालवायलाही शिकवीत. एकाच्या डोक्यात कल्पना यायची आणि दुसऱ्याने तिला घर द्यायचे, अशी ही जोडी शेवटपर्यंत टिकली. सायकलीनंतर कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली.

धंदा जरा मार्गाला लागतो न लागतो तोच नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. शहर वाढत होते, तेथे नवी वस्ती व्हायची होती. ज्या माणसाने पुढे गाव वसवले त्याला आधी दुसऱ्यांच्या वस्तीसाठी उठावे लागले, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. औंधच्या एका बांधकामामुळे त्यांची किर्लोस्कर बंधूंशी ओळख होती. बाळासाहेब स्वतः चित्रकार. त्यांनी या रंग हुकलेल्या चित्रकाराला आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. त्या काळी दहा हजार म्हणजे काही थोडीथोडकी रक्कम नव्हे.

जमीन मात्र कशी? निवडुंग माजलेला, खडकाळ, सापांनी भरलेला आणि पाण्याला दुरावलेला माळ. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना-दिवस. पंचवीस कामगार, त्यांची कुटुंबे आणि किर्लोस्करांचे स्वतःचे घर असा मेळा तेथे उतरला. पत्नी राधाबाई आणि मुलेही. थोरले शंतनुराव तेव्हा सहा वर्षांचे होते. कारखानदाराचे नाव राहते. ओसाड माळावर पहिली चूल पेटवणाऱ्या बाईचे मात्र चरित्रात एक वाक्य येते. मीही तिला एवढेच देऊ शकतो, याची खंत आहे.

पण खरी मौज पुढेच आहे. या माळावर कोण कोणत्या कामाला लागले ते पाहावे. रामुअण्णा गावाचे आखणीकार आणि कारभारी झाले. शंभुराव जांभेकर यंत्रे सांभाळू लागले. कारकून असलेल्या मंगेशराव रेग्यांनी हिशेब हाती घेतला. मॅट्रिकला अडलेले कुलकर्णी व्यवस्थापक झाले, शाळा सुटलेले अनंतराव फाळणीकर कल्पक अभियंता निघाले. आणि रात्रीची राखण कोणाकडे? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे, म्हणजे दरोड्यासाठी शिक्षा झालेल्या दोघांकडे! याच औंध संस्थानात १९३९ साली स्वतंत्रपूरची खुली वसाहत निघाली आणि १९५७ साली तिच्यावरून शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. वाडीने ते धाडस कितीतरी आधी केले होते. शिवाशिवीला लक्ष्मणरावांच्या गावात थारा नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे.

विलायतेत साबणवाल्या लिव्हर बंधूंनी १८८८ पासून पोर्ट सनलाइट हे कामगारांचे गाव वसवले होते. म्हणजे अशी कल्पना जगात अगदी नवी नव्हती. परंतु तेथे भांडवल आधी होते आणि गाव मागून आले. येथे भांडवल नव्हतेच. माणसे आधी होती, आणि त्यांच्या भरवशावर १५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड उभी राहिली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव, म्हणजे आपले ‘शंवाकि’, यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. ‘स्त्री’ १९३० चे, ‘मनोहर’ १९३४ चे. नांगर ओतणाऱ्या गावातून मराठी घरांत मासिके जाऊ लागली. सावरकरांचे विज्ञानावरचे निबंध ‘किर्लोस्कर’मधूनच लोकांनी वाचले. माझ्या मते घरातल्या तरुणाला भट्टीऐवजी छापखाना देणे, हीही एक कुटुंबवत्सलताच.

अर्थात एक गोष्ट खटकते. कुटुंब म्हटले की कर्ता आला आणि कर्त्याचा शब्द आला. वाडीतले घर, पाणी, रस्ते, सारे कारखान्याचे. धन्याशी मतभेद झाला तर माणसाची नोकरी आणि छप्पर एकदमच धोक्यात. लक्ष्मणराव प्रेमळ होते म्हणून हे निभावले. पण प्रेमळ कर्ता ही काही व्यवस्था नव्हे.

मुले मोठी झाली. शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात शिकून १९२६ साली पदवी घेऊन आले. संसार पांगू लागला, पण तुटला नाही. १९४१ साली हरिहरला, १९४६ साली बंगळूरला व पुण्याला नवे कारखाने निघाले.

मग १९४८ उजाडले. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला, खुनी ब्राह्मण होता, आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे पेटू लागली. जमाव किर्लोस्करवाडीवर आला आणि कारखाना जळाला. ज्या गावाने जात दाराबाहेर ठेवली होती, त्या गावाला जातीच्याच नावाने आग लागली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. अडतीस वर्षांचे काम असे डोळ्यांदेखत जाते तेव्हा त्या वयात माणूस हात टेकतो. त्याला कोणी दोषही देणार नाही. पण वाडी विकली गेली नाही, की ओसही पडली नाही. भट्ट्या पुन्हा पेटल्या.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनाचे नावच आता किर्लोस्करवाडी आहे. मिरजेहून पुण्याकडे जाणारी गाडी तेथे थांबते, तेव्हा खिडकीतून झाडी दिसते. निवडुंग शोधावा लागतो.