विश्लेषण : पटावर आले किती, पदवीपर्यंत पोहोचले किती? जे. पी. नाईक यांचा जुना प्रश्न अजून का सुटत नाही?

बारावीचा निकाल लागला की यवत, केडगाव, वरवंड या पट्ट्यातून पुण्याकडे आणि दौंडकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये कागदपत्रांची फाइल पोटाशी धरलेली मुले-मुली वाढतात. महिन्या-दोन महिन्यांत महाविद्यालयांच्या जागा भरतात. किती प्रवेश झाले, याचा आकडा तयार होतो आणि पुढे विद्यापीठाच्या, राज्याच्या, केंद्राच्या अहवालात जाऊन बसतो. यातल्या किती जणांच्या हातात तीन-चार वर्षांनी पदवी पडली, असे विचारले तर मात्र सरळ उत्तर मिळत नाही. गावाला ते ठाऊक नसते आणि बऱ्याचदा महाविद्यालयालाही सांगता येत नाही.

हाच प्रश्न आधी पहिलीच्या वर्गाबाबत आणि मग साऱ्या शिक्षणव्यवस्थेबाबत एका मराठी माणसाने जवळपास चार दशके लावून धरला होता. त्यांचे नाव जे. पी. नाईक.

कोण होते जे. पी. नाईक?

कोल्हापूर जिल्ह्याच्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडी हे त्यांचे गाव. जन्म 5 सप्टेंबर 1907. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. पुढे मात्र ते जयंत पांडुरंग नाईक या नावानेच ओळखले गेले. नावावरून नोंदी जुळवणाऱ्या आजच्या एखाद्या संगणक प्रणालीला ही दोन वेगळी माणसे वाटली असती आणि पहिल्याला तिने बहुधा गळतीत टाकले असते.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते धारवाडला गेले. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला सविनय कायदेभंगात उतरले, तुरुंगात गेले. बाहेर आल्यावर धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या खेड्यात त्यांनी शाळा आणि ग्रामसुधारणेचे काम केले. पुढे कोल्हापूर संस्थानात विकासाची कामे पाहिली आणि व्ही. टी. पाटील यांच्याबरोबर गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत भाग घेतला. 1948 मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था सुरू केली. 1959 पासून ते केंद्र सरकारचे शिक्षण सल्लागार होते. 1969 मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली तेव्हा अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ आणि सदस्य-सचिव होते नाईक. 1974 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. युनेस्कोने जगभरातल्या 100 शिक्षणविचारवंतांची निवड केली, तीत गांधी आणि टागोर यांच्याबरोबर नाईक आहेत. महाराष्ट्रात मात्र त्यांचे नाव शिक्षणक्षेत्राबाहेर फारसे कोणी घेत नाही.

गळतीचा हिशेब सुरू कोठून झाला?

1929 मध्ये हार्टोग समितीचा अहवाल आला. सायमन आयोगाला साहाय्य करण्यासाठी नेमलेली ही समिती होती. ब्रिटिश हिंदुस्थानात 1922-23 मध्ये पहिलीच्या वर्गात 100 मुले असतील, तर 1925-26 मध्ये चौथीत त्यातली फक्त 18 दिसतात, असे तिने दाखवले. मधेच शाळा सोडणे आणि एकाच इयत्तेत अडकून राहणे या दोन गोष्टींना समितीने वेगवेगळी नावे दिली. मराठीत आपण त्यांना गळती आणि स्थगिती म्हणतो.

आकडा धक्कादायक होता, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष त्याहून महत्त्वाचा ठरला. संख्या वाढवण्याची घाई नको, आधी आहे ते नीट करा, असा तो सूर होता. शाळा काढायला पैसे नसलेल्या सरकारला तो सोयीचाच होता. सय्यद नुरुल्ला आणि नाईक यांनी 1943 मध्ये भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला, तेव्हा या धोरणावर त्यांनी टीका केली. ज्या देशात बहुसंख्य मुलांना शाळाच मिळालेली नाही, तिथे गुणवत्तेच्या नावाखाली विस्तार थांबवणे म्हणजे दाराबाहेर उभ्या असलेल्यांना बाहेरच ठेवणे, ही त्या टीकेची दिशा होती.

100 पैकी 18 या हिशेबात गोम काय?

एक साधे उदाहरण घेऊ. पहिलीच्या वर्गात 100 मुले आहेत. त्यातली 40 गेल्या वर्षी नापास होऊन तिथेच राहिलेली आहेत. म्हणजे यंदा नव्याने आलेली मुले 60. दरवर्षी असेच चालले आणि चौथीत दरवर्षी 30 मुले पोहोचली, तर वरवर पाहता गळती 70 टक्के दिसते. प्रत्यक्षात 60 पैकी 30 पोहोचली, म्हणजे गळती निम्मी. नापास झालेले मूल पहिलीच्या पटावर दोनदा मोजले गेले आणि हिशेब बिघडला. त्यात दरवर्षी नव्या शाळा उघडत असतील, तर पहिलीचा वर्ग आणखी फुगतो, कारण नव्या शाळेला अजून चौथी नसतेच.

तुकोबांच्या पालखीचा यवतला मुक्काम असतो आणि गाव पिठलं-भाकरीने वारकऱ्यांचे स्वागत करते. त्या रात्री तळावर किती वारकरी होते, याचा अंदाज बांधता येईल. पण देहूहून निघालेल्यांपैकी यवतपर्यंत किती चालत आले, वाटेत किती जण मिळाले आणि किती मागे फिरले, हे त्या आकड्यावरून कळणार नाही. ते हवे असेल तर देहूत नावे लिहून घ्यावी लागतील आणि मुक्कामागणिक तीच नावे पुन्हा पाहावी लागतील. वर्गाचा पट मोजणे आणि विद्यार्थ्याचा माग ठेवणे यांत हाच फरक आहे.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या दोन पाहण्या केल्या. त्या 1955 मध्ये प्रसिद्ध झाल्या. शाळा सुटल्यावर काही वर्षांनी माणसाला वाचता-लिहिता येते का, हाही त्यांचा विषय होता. केवळ पटावरून अंदाज न बांधता माणसापर्यंत जाऊन पाहण्याची ती पद्धत होती.

कोठारी आयोगात नाईक यांचे काम काय?

14 जुलै 1964 रोजी डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. नाईक सदस्य-सचिव होते. आयोगाने सुमारे 9 हजार जणांच्या मुलाखती घेतल्या आणि 29 जून 1966 रोजी अहवाल दिला. त्याच्या बांधणीचा आणि लेखनाचा मोठा भार नाईक यांच्यावर होता. प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंत साऱ्या व्यवस्थेचा एकत्र विचार या अहवालात होता आणि पुढच्या 20 वर्षांत कोणत्या टप्प्यावर किती विद्यार्थी असतील, याचे अंदाजही. 10+2+3 ही रचना आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च, या त्याच्या दोन शिफारशी आजही सर्वांच्या तोंडी आहेत.

महाविद्यालयीन प्रवेशांबाबत आयोगाची भूमिका कडक होती. मनुष्यबळाची गरज पाहून जागा ठरवा, प्रवेश निवडून द्या, ज्यांना दिवसा येणे शक्य नाही त्यांच्यासाठी सायंकाळचे आणि पत्रद्वारे शिक्षण वाढवा, असे त्याने सुचवले. निवडीची शिफारस फारशी कोणी मनावर घेतली नाही. तालुक्या-तालुक्यात महाविद्यालय मागणाऱ्या समाजाला ती पटणे अवघडच होते, आणि त्यात समाजाचे फार चुकले असे म्हणता येणार नाही. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले तेव्हा 12 जिल्ह्यांच्या कार्यक्षेत्रात 18 महाविद्यालये आणि सुमारे 8 हजार विद्यार्थी होते. त्या काळी यवतसारख्या गावातून पदवीला जाणे म्हणजे घर सोडणे होते.

विद्यापीठात हा हिशेब अधिक अवघड का?

समजा, यवतची एक मुलगी दौंडच्या महाविद्यालयात बी.ए.ला जाते. वर्षभराने घर हडपसरला हलते, ती टीसी घेते. दुसरे वर्ष तिथे होते. मग नोकरी लागते आणि उरलेली पदवी ती नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पूर्ण करते. पहिल्या महाविद्यालयाच्या दृष्टीने ती गळाली. पुणे विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकापुढे, म्हणजे पीआरएनपुढे, पदवी कधीच लागली नाही. मुक्त विद्यापीठात ती नवा प्रवेश. हिशेबात एक गळती आणि एक नवीन विद्यार्थिनी. प्रत्यक्षात एक पदवीधर.

उलटही घडते. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा प्रवेश घेऊन ठेवतो, वर्गात फिरकत नाही, एटीकेटीवर पुढे सरकतो आणि तिसऱ्या वर्षी परीक्षाच देत नाही. तीन वर्षे तो पटावर असतो.

देशाच्या आकड्यांतही असाच घोळ होतो. उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण 2010-11 पासून होते. 2020-21 मध्ये एकूण विद्यार्थी 4.14 कोटी आणि त्या वर्षी उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेले 95.4 लाख. हे प्रमाण सुमारे 23 टक्के येते. म्हणून 77 टक्के गळाले, असे म्हणणे साफ चूक. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकही जण गळला नाही, तरी दरवर्षी बाहेर पडणारे एक तृतीयांशच असतात. 2021-22 चे पटनोंदणीचे ढोबळ प्रमाण 28.4 टक्के आहे. त्यात 18 ते 23 वयोगटाच्या लोकसंख्येशी एकूण प्रवेशांची तुलना होते. किती जण आत आले, एवढेच ते सांगते.

पटसंख्येला अनुदान आणि पदे जोडलेली असली की आणखी एक अडचण येते. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्याने तीन दिवस शाळांची पटपडताळणी केली, तेव्हा लाखो नावांपुढे मूलच सापडले नाही. त्यानंतर शाळांत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र ओळख क्रमांक देण्याकडे राज्य वळले.

आता क्रमांक मिळाला, मग अडचण कुठे?

2021 मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. विद्यार्थ्याच्या खात्यावर श्रेयांक जमा होतात आणि विद्यापीठ बदलले तरी खाते तेच राहते. वरच्या उदाहरणातली मुलगी आता सापडू शकते. राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना तर पहिल्या वर्षाला आलेले किती आणि ठरलेल्या मुदतीत पदवीधर झालेले किती, हे द्यावे लागते आणि ते आपल्या संकेतस्थळावर ठेवावेही लागते. पालकांनी महाविद्यालय निवडताना हा तक्ता जरूर उघडून पाहावा. पण जे महाविद्यालय या क्रमवारीत उतरतच नाही, त्याच्याबाबत हा मार्ग बंद. ग्रामीण भागातल्या मुलांची निवड बऱ्याचदा अशाच महाविद्यालयांमधून होते.

दुसरा पेच नवा आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. त्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी, असे बाहेर पडण्याचे टप्पे आहेत. घरच्या अडचणीमुळे पहिल्या वर्षानंतर शिक्षण सुटलेली मुलगी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडली, तर ती गळती की यश? कोणत्या रकान्यात टिंब पडते, यावर अहवालातले चित्र ठरणार. तिला पुढे शिकायचे होते का, हा रकाना कुठेच नसतो.

नाईक यांचे उत्तर काय होते?

शाळेचे दार सहाव्या वर्षी एकदाच उघडते, मुलाने वर्षागणिक एकेक पायरी चढायची आणि दिवसभर हजर राहायचे, या तीन अटींवर नाईक यांचा आक्षेप होता. गुरे राखणाऱ्या किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलांना या अटी पाळता येत नाहीत आणि त्यांचे बाहेर पडणे मग त्यांचाच दोष ठरतो. म्हणून कोणत्याही वयात प्रवेश आणि अर्धवेळ शिक्षण यांचा त्यांनी आग्रह धरला. टप्प्याटप्प्याने आत-बाहेर करण्याची आजची कल्पना वरवर त्याच वळणाची दिसते. पण नाईक यांचा भर सुटलेल्याला परत आत घेण्यावर होता. बाहेर जाण्याची वाट रुंद करणे हा त्यांचा हेतू नव्हता. समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्ही गोष्टी एकत्र साधणे भारताला का जमत नाही, यावर त्यांनी 1975 मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले.

1976 मध्ये भारतीय शिक्षण संस्था पुण्यात आली. डॉ. चित्रा नाईक यांच्या नेतृत्वाखाली 1979 पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत, दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग भरू लागले. हा प्रयोग 1985 पर्यंत चालला. तो संपलेला पाहायला नाईक नव्हते. 30 ऑगस्ट 1981 रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांचे शेवटचे मोठे पुस्तक आले. ज्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते, त्याच्याच शिफारशींचे पुढे काय झाले, कोणत्या अमलात आल्या आणि कोणत्या कागदावर राहिल्या, याचा तो हिशेब होता.