दोन भाषांच्या उंबरठ्यावर : सखाराम गणेश देउस्कर

वैद्यनाथाच्या देवघर क्षेत्राजवळील करौं या गावी १८६९ साली सखाराम गणेश देउस्कर यांचा जन्म झाला. घराणे मूळचे महाराष्ट्रातील. आई बालपणीच निवर्तली, तेव्हा आत्याने त्यांना वाढविले. आत्यांना मराठी वाङ्मयाची उत्तम जाण होती. त्यामुळे घरात मराठी नांदत राहिली. उंबरठ्याबाहेर मात्र शाळा, गुरुजन, सवंगडी हा सारा व्यवहार बंगालीत चाले. घरी ऐकलेले शिवराय आणि बाहेर लाभलेली वंगवाणी यांच्या रोजच्या सहवासातून त्यांचे व्यक्तिमत्त्व घडत गेले.

ज्या शाळेत शिकले, तेथेच ते १८९३ पासून शिक्षक झाले. स्थानिक इंग्रज अधिकाऱ्याच्या अन्यायाविरुद्ध त्यांनी ‘हितवादी’ या बंगाली पत्रात लेखन केले आणि नोकरी गमावली. कलकत्त्यास येऊन त्याच पत्रात ते मुद्रितशोधक झाले. पुढे ते त्या पत्राचे संपादक झाले. बाजीराव आणि शिवाजी महाराज यांचा परिचय त्यांनी बंगाली वाचकांना करून दिला. कलकत्त्यात शिवजयंतीचा उत्सव सुरू करण्यातही त्यांचा पुढाकार होता.

१९०४ मध्ये त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्रजी राजवटीत देश कसा दरिद्री होत गेला, हे त्यात आकडेवारीनिशी मांडले होते. पुढच्याच वर्षी वंगभंग झाला आणि स्वदेशीच्या चळवळीत हा ग्रंथ घरोघरी पोहोचला. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली.

खरी कसोटी त्याआधीच लागली होती. १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर लोकमान्य टिळकांविरुद्ध लिहावे, असा आग्रह पत्राच्या मालकांनी धरला. देउस्करांनी लेखणी बाटविली नाही, संपादकपद सोडले. १९१२ मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे आप्त बाबूराव विष्णु पराडकर यांनी ‘देशेर कथा’ हिंदीत आणली आणि पुढे काशीत हिंदी पत्रकारितेचे आधारस्तंभ म्हणून ते ओळखले गेले.

बंगाली वाचकांनी देउस्करांना आपले मानले, आणि त्यासाठी त्यांना मराठीपण टाकावे लागले नाही. परप्रांतात वाढणाऱ्या मुलाची ओळख एखाद्या समारंभात ठरत नाही. घरातल्या बोलण्यातून आणि शेजाराच्या आपुलकीतून ती रोज थोडी थोडी घडते. आत्यांनी घरात जपलेली मराठी शेवटी बंगालच्याही कामी आली.